वखारीतला सर्व्हर

"दिसभर करतीस काय गं तू?" हा आईचा प्रश्न माझ्या नोकरीइतकाच जुना.

तिनं जन्मभर जे काम केलं ते डोळ्यांना दिसायचं. निपाणीच्या वखारीत ती तंबाखू चाळायला जायची. सकाळी समोर रास, संध्याकाळी भरलेली पोती. कुणी विचारलं तर बोट दाखवून सांगता येईल असं काम. माझं तसं नव्हतं. बेळगावातल्या एका मोठ्या शिक्षणसंस्थेच्या कॉम्प्युटर विभागाची मी प्रमुख. संस्थेच्या शाळा, कॉलेजं, वसतिगृहं, दवाखाने असा पसारा खानापूरपासून निपाणीपर्यंत. प्रत्येक ठिकाणच्या ऑफिसात एक मेल सर्व्हर, म्हणजे तिथल्या लोकांची ईमेलं घेणारं आणि पाठवणारं मशीन. बाहेरची लाईन तुटली तरी आतल्या आत टपाल चालू राहावं म्हणून ही सोय. ती मशीनं बसवायची आणि चालती ठेवायची, हे माझं काम. "पोस्टासारखं समज," मी सांगायची. "मग पोस्टमन कुठाय?" ती विचारायची, आणि बोलणं तिथंच संपायचं.

तरी पूर्वी बरं होतं. मी पिशवी घेऊन एसटीनं गावोगाव हिंडायची, तेव्हा तिला सांगायला काहीतरी असायचं. पौर्णिमेला विहारात वंदनेला गेली की बायकांना म्हणायची, "आज खानापूरला गेलीया, उद्या चिक्कोडी." मुलगी कुठंतरी जाते म्हणजे काम करते, हा तिचा हिशेब. नंतर मीच असं काही केलं की कुठं जायचं कारणच उरलं नाही. मी आपली बेळगावात खुर्चीवर बसलेली, आणि मशीनं तिकडं आपली आपण तयार होतायत. त्याच सुमारास डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत काचबिंदू असल्याचं सांगितलं. गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही, म्हणाले. तेव्हाच तिला बाजूचं काही दिसत नव्हतं. नाकासमोरचं तेवढं दिसायचं. शेजारून कुणी आलं तर अंगावर आल्यावर दचकायची.

दवाखान्यातून रिक्षानं घरी येताना ती म्हणाली, "डोळं हायत तवर एकदा तुझं काम बघायचंय मला."

आयुष्यात तिनं माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. मागितलं ते हे, आणि नेमकं तेव्हा, जेव्हा माझ्या कामात बघण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

कसं राहिलं नव्हतं ते सांगते. हातानं सर्व्हर बसवायचा म्हणजे दिवसभराची हमाली. हेडमास्तरांच्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचं, मशीनवर सगळं चढवायचं, एकेका माणसाची टपालपेटी उघडायची, कचरा टपाल अडवायची चाळण लावायची, बाहेरच्या सर्व्हरांनी आपल्यावर विश्वास ठेवावा म्हणून ओळखीची व्यवस्था करायची. शेजारी क्लार्क बसून विचारणार, "मॅडम, आयतु?" झालं का, म्हणून. कुठं घाईत एखादी गोष्ट राहायची, कुठं जास्त व्हायची. आमटी मीच केलेली, पण प्रत्येक गावात चव वेगळी. मग एखादं मशीन रुसलं की तिथं काय केलं होतं ते मलाही आठवायचं नाही. स्वतःवरच चिडायची मी. आणि माझं चिडणं म्हणजे शेजारच्या टेबलांनाही कळेल असं असतं.

शेवटी मी ठरवलं, बास झालं. सगळ्या पायऱ्या एकदाच नीट लिहून काढल्या, मशीनला वाचता येतील अशा. आता कोरं मशीन खोक्यात घालून शाखेला पाठवायचं. तिथल्यांनी वायर आणि लाइट जोडायची, एवढंच. संध्याकाळी ऑफिसं सुटून लाईन मोकळी झाली की ते मशीन बेळगावला विचारणार, "मी कोण? मी काय करू?" इथून उत्तर जाणार, आणि सकाळपर्यंत ते स्वतःला तयार करणार. माझ्या पडद्यावर प्रत्येक शाखेचा एक ठिपका. लाल असेल तर अपुरं, हिरवा झाला की काम फत्ते.

संस्थेचे सचिव हसले. "म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणा की!"

"शेळ्या घरी पोचल्या म्हणजे झालं ना सर?" मी म्हणाले.

आणि पोचल्या की! उद्यमबागेतलं आमचं प्रशिक्षण केंद्र सगळ्यात आधी हिरवं झालं. काकतीच्या शाळेत मशीनच्या खोक्यापुढं नारळ फोडला आणि वारा जायच्या जाळीवर हळदकुंकू लावलं. मी फोनवर ओरडले, "अहो, पाणी आत गेलं तर?" तर हेडमास्तर म्हणतात, "नवीन मशीन हाय मॅडम, तशीच चालू करायची व्हय?" मी पूजाअर्चा मानत नाही, पण काकतीचा ठिपका दुसऱ्या दिवशी पहिल्याच झटक्यात हिरवा झाला, त्यामुळं मला पुढं बोलायची सोय राहिली नाही. एकेक करत सगळा पडदा हिरवा झाला. राहिली निपाणी.

निपाणीचं मशीन संध्याकाळी काम सुरू करायचं आणि अर्ध्यात मरायचं. दुसऱ्या संध्याकाळी परत पहिल्यापासून, ये रे माझ्या मागल्या. मी लाईन तपासली. वायर बदलायला लावली. मशीनच खराब असेल म्हणून एसटीच्या पार्सलनं दुसरं पाठवलं. तेही तसंच. घोडं कुठं पेंड खातंय तेच कळेना. एका सकाळी कामावर निघण्याआधी घरूनच मी तिथल्या ऑफिसप्रमुखांना फोन लावला.

"संध्याकाळी मशीन चालू ठेवता ना?"

"ठिवतो की मॅडम."

"मग बंद कोण करतं?"

"कोण बंद करंल? हात न्हाय लावत आम्ही. जाताना मेन स्विच तेवढा वडतो."

"तेवढा?" माझा आवाज चढला.

"इथं लाइट ठिवून कोण जात न्हाय मॅडम. पहिल्यापासनं तसंच हाय. वखार न्हवं का ही?"

मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. इतके दिवस माझा जीव खाल्ला, एका शब्दानं सांगितलं नाही! पण फोन ठेवल्यावर माझ्याही लक्षात आलं, त्यांनी काही लपवलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे हेच त्यांच्या मनात आलं नव्हतं. आमचं निपाणीचं ऑफिस आधी भाड्याच्या जागेत होतं. गेल्या वर्षी संस्थेनं एक जुनी तंबाखूची वखार विकत घेतली, फरशा घातल्या, रंग दिला आणि ऑफिस तिथं नेलं. तंबाखू कधीच गेली होती. पण तंबाखूच्या गावात आगीचं भय रक्तात असतं. वखारीत ठिणगी पडली तर गल्ली जाते, हे तिथं पोरासोरांनाही ठाऊक. म्हणून वखार बंद करताना आतला दिवा न् दिवा मारायचा, ही रीत. ज्या क्लार्कांनी तिथं तंबाखूचं एक पोतंही पाहिलं नव्हतं, तेही घरी जाताना मेन स्विच ओढून जात होते.

आई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. आता ती डोळ्यांपेक्षा बोटांनीच निवडायची.

"कंची वखार गं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं.

"फुडं चिंच हाय ती?"

"व्हय. तीच."

तिनं मेथीची जुडी संपवली, देठं गोळा केली, हात धुतले. मग म्हणाली, "मी येतो तुझ्यासंगं. तितंच दाव तुझं काम." आमच्याकडच्या बायका 'मी येते' म्हणत नाहीत, 'मी येतो' म्हणतात.

खरं तर मला जायची गरजच नव्हती. खुर्चीवरून न उठता मी ते काम संध्याकाळच्या ऐवजी भरदिवसा लावू शकले असते. आणि जायचंच तर दुसरी कुठलीही जागा चालली असती, ती वखार नको होती. त्या वखारीचं दार मला माहीत होतं.

लहानपणी शाळा सुटली की मी तिथं जायची. वखारीच्या समोर, रस्त्याच्या पलीकडं चिंच होती. तिच्या बुडाशी दप्तर ठेवून आईची वाट बघायची. भोंगा झाला की बायका एकेक करत दाराशी यायच्या. दारात एक बाई उभी असायची, झडती घ्यायला. कुणी पदरात, ओच्यात मूठभर तंबाखू नेत नाही ना, ते बघायला. प्रत्येकीनं दोन्ही हात वर करायचे. ती बाई काखेतून, कमरेवरून हात फिरवायची, ओचा सोडायला लावायची, कधी अंबाडासुद्धा. येणारीजाणारी माणसं बघत जायची. माझी आईही हात वर करून उभी राहायची. तिचा चेहरा माझ्याकडंच असायचा, पण ती माझ्याकडं बघायची नाही. बाहेर आली, रस्ता ओलांडला की मगच बघायची, आणि माझं दप्तर घ्यायची. मला त्या झडती घेणाऱ्या बाईचा इतका राग यायचा की मी रोज मनात तिचे हात तोडायची. आता वाटतं, तीही पोटासाठीच उभी होती. पण राग काही गेला नाही. ह्यावर आई आणि मी जन्मात कधी बोललो नाही.

"तितं काय बघायचंय आई?" मी म्हणाले. "उद्यमबागेत चल. लई मोठी मशीनं हायत तिथं."

"तितंच," ती म्हणाली.

आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. तिनं ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं होतं, आणि खिडकीकडं न बघता सबंध रस्ता समोरच्या सीटकडं बघत बसली होती. काकती गेली, संकेश्वर गेलं. मला वाटलं, आता ती जुन्या आठवणी काढेल, कुणाकुणाची नावं घेईल. तिनं मध्येच टायम तेवढा विचारला.

वखार ओळखू येत नव्हती. पांढऱ्या फरशा, काचेची दारं, वर संस्थेची कन्नड पाटी. जिना नवा, त्याला चकचकीत कठडा. दार मात्र त्याच जागी होतं, फक्त लाकडाच्या जागी लोखंडी जाळीचं. ऑफिसप्रमुख स्वतः खाली आले, आईला "या आक्का" म्हणाले आणि हात धरून वर नेलं. फोनवर माझ्याकडून शिव्या खाल्लेला माणूस तो. मला जरा ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी आईला गादीची खुर्ची दिली, चहा मागवला. आईनं नाक वर करून वास घेतला.

"अजून येतोय," ती म्हणाली.

"काय?"

"तंबाखूचा वास. भिंतीत हाय."

मला फक्त रंगाचा वास येत होता.

मी कामाला लागले. भरदिवसाच मशीन सुरू केलं. आधी त्याच्या पायऱ्यांत एक दुरुस्ती केली. वीज गेली तर पहिल्यापासून सुरुवात न करता जिथं तुटलं तिथून पुढं जायचं. खरं तर हे आधीच सुचायला हवं होतं. आमच्या भागात काम लावायचं आणि वीज जाणारच नाही असं धरून चालायचं, ह्याला काय म्हणावं? मग मेन स्विचचा विषय काढला. मनात होतं की हुकूम सोडावा, आजपासून स्विच ओढायचा नाही म्हणून. प्रमुख हात जोडून म्हणाले, "मॅडम, तेवढं सोडून काय बी सांगा. माझ्या डोळ्यांदेखत शेजारची वखार जळलीया. लाइट ठिवून घरी गेलो तर मला झोप येणार न्हाय." त्यांचा चेहरा बघून मी हुकूम गिळला. इलेक्ट्रिशियनला बोलावलं आणि मशीनपुरती वेगळी, फ्यूज घातलेली वायर मेन स्विचच्या आधीपासून ओढून घेतली. बाकी सगळी वखार रोजच्यासारखी अंधारात जाऊ दे.

मग आईला मशीनसमोर आणून बसवलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी खालून वर सरकत होत्या.

"हे बघ. आता ते इथल्या सगळ्यांची नावं शिकतंय. कुणाचं टपाल कुणाला द्यायचं ते."

तिनं पडद्याला नाक लागेल इतकं जवळ जाऊन बघितलं.

"आनि तू काय करतीस?"

"मी सांगितलंय त्याला काय करायचं ते. आधीच."

"म्हंजे आता काय न्हाय करत."

"आता काय न्हाय करत," मी कबूल केलं.

तिनं मान हलवली आणि विचारलं, "तू सुटतीस कवा?"

मला वाईट वाटलं. एवढ्या लांब आणलं, आणि बघायला मिळालं काय, तर सरकत्या ओळी. दुपारीच सगळं आटोपलं. माझ्या फोनवर निपाणीचा ठिपका हिरवा झाला. प्रमुखांना एक टपाल पाठवून बघितलं, ते मिळालंही. मी पिशवी आवरली. "चल आई, लवकरची गाडी मिळंल."

"टायम झाला न्हाय अजून."

"अगं, काम झालं. आता इथं बसून काय करायचं?"

"समदी सुटतील तवा सूट."

मी वैतागले. उन्हाचं, डोळ्यांचं, औषधाच्या वेळेचं, सगळं सांगून बघितलं. ती ढिम्म. खुर्चीच्या दांड्या धरून बसून राहिली. थकली असेल, जागेवरून हलवत नसेल, असं समजून मी पिशवी परत खाली ठेवली. क्लार्क लोक टेबलं आवरायला लागले तशी मात्र ती आपण होऊन उठली.

"मी फुडं जातो," म्हणाली. "तू तुझ्या टायमाला ये. रोजच्यावानी."

"एकटी? तुला दिसत न्हाय गं!"

"समोरचं दिसतंय."

भिंतीला हात लावत ती जिना उतरली. मी कठड्यावरून बघत होते. खाली जाळीच्या दारात वॉचमन उभा होता, साठीचा, मिशा पांढऱ्या झालेला. आई उंबऱ्यापाशी पोचली, थांबली, आणि तिनं दोन्ही हात वर केले.

सरळ वर, खांद्याच्या वर. आणि तशीच उभी राहिली.

तिला आपण काय केलं ते कळलं होतं की नाही, कोण जाणे. वॉचमनला काही समजलं नाही. म्हातारीला दिसत नाही, आधार मागतेय, असं त्याला वाटलं असणार. त्यानं तिचा वर केलेला हात हळूच धरला, खाली आणला आणि म्हणाला, "चला आक्का, मी सोडतो." आणि तिला रस्ता ओलांडून पलीकडं घेऊन गेला. मी तिथंच कठड्याला धरून उभी राहिले. रडू येत होतं आणि रागही येत होता. कुणाचा, ते सांगता आलं नसतं.

मग सगळे निघाले. मी पिशवी खांद्याला लावून त्यांच्याबरोबर जिना उतरले. प्रमुखांनी मेन स्विच ओढला, खट्, आणि मागं सगळी वखार अंधारली. वॉचमननं दार धरलं, कपाळाला हात लावून म्हणाला, "बरं मॅडम, या परत." मी उंबरा ओलांडला आणि समोर बघितलं.

पलीकडं चिंच होती. तिच्या बुडाशी आता उसाच्या रसाचा गाडा लागतो. त्या गाड्याच्या शेजारी, बरोबर दारासमोर, जिथं मी दप्तर ठेवून उभी राहायची तिथं आई उभी होती. मान जराही न हलवता, नजर दारावर लावून. मी रस्ता ओलांडून गेले.

"तपासलं न्हाय तुला?" तिनं विचारलं.

"न्हाय आई."

"पिशवी बी न्हाय?"

"न्हाय."

तिनं माझ्या दंडावरून हात फिरवला. "काम बघायला न्हवतो आलो मी," ती म्हणाली. "काम तू करशीलच की. सुटताना तुला कसं सोडत्यात, त्येवढं बघायचं होतं." मग माझा दंड न सोडता म्हणाली, "मधी एक गाडी आडवी आली गं. नीट दिसलं न्हाय. परत एकदा जा की आत."

प्रमुख आणि क्लार्क गाड्या काढत होते. वॉचमन कुलूप लावत होता. मी परत रस्ता ओलांडला.

"अण्णा, जरा कुलूप काढा."

"काय राहिलं व्हय मॅडम?"

"व्हय. राहिलंय."

आत काळोख होता. वर कोपऱ्यात मशीनचा बारका हिरवा दिवा तेवढा दिसत होता. मी जिन्यापर्यंत गेले, पदर सारखा केला, पिशवी नीट खांद्यावर घेतली आणि वळले. वॉचमननं दार पूर्ण उघडून धरलं आणि परत कपाळाला हात लावला. रस्त्यावरून गाड्या जाईपर्यंत मी उंबऱ्यावर थांबले. मधला रस्ता मोकळा झाला, तशी हात खाली सोडून, सावकाश, तिच्या नाकासमोर चालत बाहेर आले.

"दिसलं?" मी विचारलं.

"आता दिसलं," आई म्हणाली, आणि माझ्या खांद्यावरची पिशवी काढून तिनं स्वतःकडं घेतली.